सर्किट बोर्डावरील ‘व्हाया’

‘व्हाया’ हा शब्द आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. मुंबईची गाडी नाशिकला ‘व्हाया कसारा’ जाते, पुण्याची मोटार कोल्हापुरास ‘व्हाया सातारा’ जाते. आणि ज्या आजीबाईंनीं इंग्रजीचें एक अक्षरहि कधीं गिरविलें नाहीं, त्याहि तिकीट काढतांना हा शब्द बिनदिक्कत उच्चारतात. मूळ शब्द लॅटिन. त्या भाषेंत त्याचा अर्थ वाट, आणि ‘त्या वाटेनें’ असें म्हणावयाचें असल्यास त्याच शब्दास विभक्ति लावून काम भागवितात. आपलें ‘मार्गें’ हें तृतीयेचें रूपहि त्याच घाटाचें आहे. अलीकडे मात्र हा शब्द एका निराळ्याच अर्थानें आमच्या घरांत रोज कानीं पडूं लागला आहे. आमची धाकटी सून पुण्याच्या एका कारखान्यांत सर्किट बोर्डांचे नकाशे आंखते, आणि तिच्या बोलण्यांत ‘व्हाया’ म्हणजे त्या बोर्डास पाडलेलें व आंतून तांब्यानें मढविलेलें एक बारीक भोंक होय.

घर एकत्र, माणसें पुष्कळ. तेव्हां सून रात्रीं नऊ वाजतां घरीं येते याची चर्चा व्हावयाचीच. आमच्या वहिनींनीं एकदां पानावर बसल्या असतांना सरळच विचारलें, “अगं, भोंकेंच पाडायचीं ना? त्याला एवढा उशीर कशाला?” प्रश्न खोचक खरा, पण शास्त्रीय दृष्ट्या तो अगदीं रास्त आहे. भोंकांत असें काय आहे कीं, चांगलें शिकलेलें माणूस त्यासाठीं दिवसचे दिवस डोकें खपवितें? या प्रश्नाचा छडा लावण्यासाठीं आम्हीं गेले वर्षभर सूनबाईंची शिकवणी लावली आहे. आमचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि पुढें संस्कृताचें. पण त्रैराशिक व वर्गमूळ येवढ्या शिदोरीवर या विषयांत बरेंच दूर जातां येतें, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम बोर्ड म्हणजे काय तें पाहूं. काचेच्या तंतूंचें विणलेलें कापड राळेंत भिजवून, दाबून, तापवून एक टणक पाटी करतात. तिच्यावर तांब्याचा पातळ पत्रा चिकटविलेला असतो. त्यावर नकाशा उमटवून बाकीचें तांबें रसायनानें खाववितात, म्हणजे मागें राहतात त्या तांब्याच्या रेघा. त्याच विजेच्या वाटा. व्हिएन्ना येथें १९०७ सालीं जन्मलेला पॉल आयस्लर नांवाचा इंजिनियर १९३६ सालीं इंग्लंडांत येऊन राहिला, आणि अशा छापील वाटांवर चालणारा रेडिओ त्यानें तेथें बनविला. त्याचा पेटंटाचा अर्ज १९४३ सालचा आहे. त्या काळीं वाटा थोड्या, त्या बहुधा एकाच अंगास. दुसऱ्या अंगास जावयाचेंच झालें तर तारेचा तुकडा किंवा पोकळ खिळा ठोकून भागे. पुढें वाटा इतक्या वाढल्या कीं, एकमेकींस न शिवतां एका पृष्ठावर त्यांचा समावेश होईना. मग थरावर थर चढले. आज मोबाइलच्या बोर्डांत दहा-बारा, आणि संदेशवहनाच्या मोठ्या यंत्रांत वीस-चोवीस थर सहज असतात. बोर्ड म्हणजे आतां एक मजल्यांचा वाडाच झाला म्हणावयाचा. आणि मजल्यांवरून मजल्यांवर नेणारा जिना तीच व्हाया.

हा जिना बांधण्याची रीत मोठी पाहण्यासारखी आहे. मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या गिरमिटानें सुमारें पाव-तीन दशांश मिलिमीटर रुंदीचें भोंक आरपार पाडतात. आंतली भिंत राळेची. तिच्यावर वीज धरत नाहीं. म्हणून आधीं रासायनिक रीतीनें तांब्याचा अगदीं पुसट थर देतात आणि मग विजेच्या साह्यानें त्याचा जाड मुलामा चढवितात. हा मुलामा वीस-पंचवीस मायक्रॉनांचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतका असतो. भोंक फार खोल आणि फार अरुंद असलें तर मुलाम्याचें पाणी आंत नीट खेळत नाहीं. यासाठीं सर्वसाधारणपणें रुंदीच्या दसपटीहून अधिक खोली ठेवीत नाहींत. आतां एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. सर्व थर आधीं एकमेकांवर ठेवून एकजीव करतात आणि मगच हें भोंक पाडतात. त्यामुळें माडीवरून लगतच्या खालच्या मजल्यावर जावयाचें असलें तरी जिना तळघरापर्यंत जातोच. ही साधी बाब पुढें फार महाग पडते, म्हणून ती येथेंच सांगून ठेविली.

आतां विजेकडे वळूं. आपल्या घरांतील दिव्याची वीज सेकंदास ५० वेळां हेलकावा घेते. सेकंदास तीन लक्ष किलोमीटर हा वेग धरला, तर तिच्या एका हेलकाव्याची लांबी ६००० किलोमीटर भरते. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचें अंतर याच्या निम्म्याहून फारसें अधिक नाहीं. अशा विजेला घराच्या भिंतींतील तार काय, बटण काय, सांधा काय, सर्व एका बिंदूसारखेंच. तार जोडली कीं दिवा लागला. ती सरळ गेली कीं कोपरा वळून गेली, याची चौकशी कोणी करीत नाहीं. शाळेंत आम्हीं शिकलों व शिकविली ती हीच वीज. परंतु सूनबाईंच्या बोर्डावर एकेका वाटेवरून सेकंदास २५ अब्ज अंक धांवतात. अंक म्हणजे शून्य किंवा एक. एक शून्य व एक एक मिळून एक हेलकावा होतो. तेव्हां हेलकावे झाले सेकंदास १२.५ अब्ज. यालाच १२.५ गिगाहर्ट्‌झ म्हणतात. शिवाय काच व राळ यांच्या संगतींत विजेच्या लाटेचा वेग सुमारें निम्म्यावर येतो. त्रैराशिक मांडलें कीं लाटेची लांबी येते अवघी १२ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहून कांकणभर मोठी. बोर्डाची जाडी तीन मिलिमीटर असेल, तर तें भोंक आतां लाटेच्या चतुर्थांशाएवढें झालें. त्यास बिंदु कसें म्हणावें?

याच गोष्टीचें दुसरें अंग पाहूं. विजेच्या वाटेंत दोन गुण असतात. एक प्रकारचें जडत्व, ज्यास इंडक्टन्स म्हणतात. तें विजेच्या बदलास आड येतें. दुसरी साठवण, जिला कपॅसिटन्स म्हणतात. ती जवळच्या दुसऱ्या तांब्याच्या संगतीनें वीज धरून ठेवते. १.६ मिलिमीटर जाडीच्या सामान्य बोर्डांतील भोंकाचा इंडक्टन्स सुमारें १.२ नॅनोहेन्री भरतो. घरच्या ५० हेलकाव्यांच्या विजेस त्याचा अडथळा एका ओहमच्या दशलक्षांशाहूनहि कमी, १२.५ अब्ज हेलकाव्यांच्या विजेस त्याच भोंकाचा अडथळा ९४ ओहम! भोंक तेंच, तांबें तेंच. पाहुणा बदलला आणि उंबरठ्याची भिंत झाली.

मग वीज पलीकडे जाते तरी कशी? तर वर सांगितलेले दोन गुण एकमेकांस तोलतात म्हणून. इंडक्टन्सास कपॅसिटन्सानें भागून वर्गमूळ काढलें कीं त्या वाटेचा ‘इंपीडन्स’ मिळतो. हा शब्द १८८६ सालीं ऑलिव्हर हेवीसाइड या इंग्रज गृहस्थानें घडविला. याची शाळा सोळाव्या वर्षीं सुटली. तारेच्या कंपनींत त्यानें कांहीं वर्षें नोकरी केली, ती सोडून तो घरीं बसला, आणि तारेवरून लाट कशी जाते याचें गणित त्यानें एकट्यानें जगापुढें मांडलें. विद्यार्थ्याची किंमत निकालाच्या कागदावरून करण्याची आम्हां मास्तर लोकांची जी खोड, तिला हें चांगलें औषध आहे. असो. बोर्डावरील वाटा बहुधा ५० ओहमच्या आंखतात. वर सांगितलेल्या भोंकाची साठवण अर्धा पिकोफॅरड असेल, तर भागाकार व वर्गमूळ करून ४९ ओहम येतात. म्हणजे वाट आणि भोंक जवळ जवळ एकाच मापाचीं झालीं. लाट निमूट पलीकडे जाते. शेतांतील पाट एकाच रुंदीचा असला कीं पाणी संथ वाहतें. मध्येंच तो फुगला किंवा आकसला कीं त्या जागीं उसळी उठून कांहीं पाणी मागें फिरतें, तसाच हा प्रकार.

परंतु हें जुळणें आपोआप घडत नाहीं. भोंक ज्या ज्या थरांतून जातें त्या त्या थरावर त्याच्या भोंवतीं तांब्याची एक चकती ठेवण्याचा प्रघात आहे, आणि प्रत्येक चकती साठवण वाढविते. मधल्या थरांवरील तांब्याचे अखंड पत्रे भोंकाच्या फार जवळ आले तरी तेंच होतें. मग इंपीडन्स पस्तीस-चाळीसपर्यंत खालीं येतो आणि लाटेचा कांहीं भाग मागें फिरतो. यावर उपाय दोन: जेथें वाट जोडलेली नाहीं तेथील चकत्या काढून टाकणें, आणि पत्र्यांत भोंकाभोंवतीं मोकळी जागा, जिला कारखान्यांत ‘अँटीपॅड’ म्हणतात, ती पुरेशी मोठी ठेवणें. किती मोठी, हा हिशेब दर भोंकागणिक बदलतो, आणि सूनबाईंचा निम्मा वेळ त्यांतच जातो. हॉवर्ड जॉन्सन व मार्टिन ग्रॅहम या दोघांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९९३ सालीं निघाला; त्याच्या उपशीर्षकांत ‘काळी जादू’ हे शब्द आहेत. आम्हांस त्यांत जादू दिसली नाहीं, गणितच दिसलें. पण ज्यांनीं वीज शाळेंतल्यापुरतीच ओळखली त्यांना ती जादू वाटत असेल, तर नवल नाहीं.

तांब्याला जितकें जपावें तितकेंच त्याच्या भोंवतालच्या रिकाम्या जागेला जपावें लागतें, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटली. जॉन हेन्री पॉइंटिंग यानें १८८४ सालींच दाखवून दिलें कीं, विजेची शक्ति तारेच्या पोटांतून वाहत नसून तारेच्या भोंवतालच्या अवकाशांतून वाहते. तार ही केवळ तिची वाट दाखविते. आमच्या वेदान्ताच्या पाठांत घटाकाशाचा दृष्टान्त येतो. घट फुटला तरी आंतील आकाशाचें कांहीं बिघडत नाहीं, असें तेथें शिकवितात. येथें मात्र घटाचा आकार बदलला कीं आकाशांतली लाट तात्काळ बिघडते! वेदान्ताचा आणि याचा संबंध येथेंच संपतो. उगाच ओढाताण करणारांपैकीं आम्ही नव्हे.

आतां परतीच्या वाटेचा विचार. वीज जाते तशी ती परत आली पाहिजे, हें शाळेंतहि शिकवितात. पण परत कोठून येते, याकडे कोणी लक्ष देत नाहीं. विहिरीवरील रहाटगाडगें आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींनीं पाहिलेलें असेल. भरलेलें गाडगें एका अंगानें वर येतें त्याच क्षणीं रिकामें गाडगें दुसऱ्या अंगानें खालीं जातें. एक थांबलें कीं दुसरें थांबतें. वेगवान विजेचें असेंच आहे. वाटेच्या लगेच खालच्या थरावर तांब्याचा जो अखंड पत्रा असतो, ज्यास ‘ग्राउंड’ म्हणतात, त्यांत परतीची वीज वाटेच्या बरोबर खालून, सावलीसारखी चालते. पत्रा हातभर रुंद असला तरी ती इकडे तिकडे पसरत नाहीं. आतां समजा, वाट भोंकांतून उतरून तळच्या थरावर गेली. तेथें तिच्या शेजारीं दुसराच पत्रा आहे. सावलीनें काय करावें? तिच्यासाठीं जवळ जिना नसेल, तर ती बिचारी दूरवर कोठें जिना सांपडतो तो शोधीत जाते. तेवढ्यानें जाण्यायेण्याचा वेढा मोठा होतो, दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळींत लाट पसरते, शेजारच्या वाटांत शिरते, बोर्डाच्या कडेनें बाहेर पडून रेडिओलाहि त्रास देते. म्हणून संकेताच्या प्रत्येक भोंकाजवळ, एक मिलिमीटरच्या आंतबाहेर, ग्राउंडचीं सोबतीचीं भोंकें पाडावीं असा दंडक आहे. वाटा जोडीनें चालत असल्या तर जोडीच्या दोन्हीं अंगांस सारख्या अंतरावर तीं ठेवतात, म्हणजे एकीवर अन्याय होत नाहीं.

नकाशा आंखण्याचें काम अलीकडे यंत्राच्याहि हवालीं करतां येतें. यंत्र वाटा जोडून देतें, जागाहि वाचवितें. पण सोबतीचें भोंक कोठें हवें हें त्यास कोणी स्पष्ट बजावल्याशिवाय कळत नाहीं. दोन टोकें जोडलीं म्हणजे काम झालें, अशी त्याची समजूत असते. आणि केवळ यंत्राचीच असते असें नाहीं.

हें शेवटचें वाक्य आम्हीं उगाच लिहिलें नाहीं. दोन वर्षांमागें सूनबाईंच्या कारखान्यानें एका गिऱ्हाइकासाठीं असाच बोर्ड हातीं घेतला होता. जाडी ३.२ मिलिमीटर, थर चोवीस. जुन्या नमुन्यावरून एका वाटेनें सेकंदास १० अब्ज अंक जात. नव्यावरून २५ अब्ज जावयाचे होते. वाटा वरच्या अंगाच्या चिपेपासून निघून वरून अवघ्या पाव मिलिमीटरवर असलेल्या थरांत शिरत. जिना मात्र तळापर्यंत. म्हणजे वाट बाहेर पडल्यावर खालीं सुमारें तीन मिलिमीटर तांब्याची नळी नुसतीच लोंबत राहिलेली. या उरलेल्या तुकड्यास ‘स्टब’ म्हणतात. शेळीच्या गळ्यास लोंबणाऱ्या स्तनांचा, अजागलस्तनांचा, दृष्टान्त संस्कृत पंडित निरुपयोगी वस्तूसाठीं देतात. स्टब दिसतो तसाच; पण तो नुसता निरुपयोगी असता तर बरें होतें.

काय होतें तें पाहा. लाट भोंकांत उतरली. कांहीं भाग वाटेनें पुढें गेला, कांहीं भाग स्टबमध्यें खालीं शिरला. खालीं बोळ बंद. लाट तळाशीं आपटून परत वर आली. जाऊन येऊन सहा मिलिमीटर अंतर. बोर्डांतील वेग एका नॅनोसेकंदास १५० मिलिमीटर. तेव्हां या फेरीस लागले ४० पिकोसेकंद. आणि १२.५ अब्ज हेलकाव्यांपैकीं एका हेलकाव्यास लागतात ८० पिकोसेकंद. म्हणजे परत आलेली लाट बरोबर अर्ध्या हेलकाव्यानें मागें पडली. पुढें जाणाऱ्या लाटेचा जेथें उंचवटा, तेथें हिचा खळगा. दोन्हीं मिळून शून्य! ज्या संकेतासाठीं बोर्ड बांधला, नेमका तोच संकेत तीन मिलिमीटरच्या निकामी नळीनें गिळला. सेकंदास १० अब्ज अंकांच्या संकेतास हा धोका नव्हता, कारण त्याचे हेलकावे ५ अब्ज, आणि त्यांच्या मानानें ही नळी आंखूड. जुना बोर्ड चालला तो यामुळें.

सूनबाईंनीं नकाशा आंखतांनाच हें ताडलें होतें. ‘बॅक-ड्रिलिंग’ नांवाची एक क्रिया आहे: मुलामा चढून झाल्यावर बोर्ड उलटा करून मागच्या अंगानें किंचित् मोठ्या गिरमिटानें त्या निकामी नळीचें तांबें कोरून काढतात. तीच करावी असें तिनें लेखी मागितलें. खर्च वाढतो, आणि मागचा बोर्ड त्यावांचून चालला आहे, या दोन सबबींवर वरिष्ठांनीं ती मागणी काढून टाकली. बोर्ड होऊन आले, चिपा बसल्या, आणि २५ अब्जांच्या वेगावर अंकांचा नुसता चिवडा होऊं लागला. मग दोष कोणाचा? चिपेचा म्हणून चिपा बदलल्या. जोडणीचा म्हणून जोडण्या बदलल्या. अखेर नकाशा जिनें आंखला तिचा, असें ठरूं लागलें. दोन महिने गेले. त्या दिवसांत ती घरीं फारशी बोलत नसे. आमच्या चिरंजीवांनीं नोकरी सोडण्याचा सल्ला दिला, वहिनींनींहि दिला. तिनें तो घेतला नाहीं.

एका रविवारीं झोपाळ्यावर बसून तिनें वरील त्रैराशिक आमच्याकडून मांडून घेतलें. “मामंजी, पाढे तुमचे पक्के आहेत, आकडा तुम्हींच काढा,” असें ती म्हणाली. आम्हीं १२.५ काढला. तिनें मापाचा आलेख पुढें ठेवला. त्यांत निरनिराळ्या हेलकाव्यांस बोर्ड किती संकेत पुढें जाऊं देतो तें रेघेनें दाखविलेलें होतें. रेघ हळूहळू उतरत जाऊन ११ च्या जवळ एकदम विहिरींत पडल्यासारखी खोल गेली होती. आमचा आकडा व आलेख यांत दीड गिगाहर्ट्‌झची तफावत कां, असें आम्हीं विचारलें. उत्तर असें कीं, नळीभोंवतालच्या चकत्या व पत्रे यांच्या साठवणीनें लाट आणखी मंदावते, म्हणून खड्डा साध्या हिशेबाच्या थोडा अलीकडेच येतो. उत्तर पटलें. पुढें तिनें एक बोर्ड उभा कापवून, घांसवून, त्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखालीं ठेविला आणि लोंबणारी नळी मापासकट सर्वांस दाखविली. डोळ्यांनीं पाहिल्यावर वाद उरला नाहीं. तिचा आधीचा लेखी अर्जहि मग कोणास तरी सांपडला.

झालेल्या बोर्डांस उपाय नव्हता. ते वायां गेले. नवीन नकाशांत तिनें जें केलें तें आम्हांस फार आवडलें. सर्वांत वेगवान वाटा तिनें वरच्या थरांतून उचलून तळच्या थरांत नेल्या. सामान्य माणसास वाटेल, जवळचा मजला सोडून तळघरांत कशाला जावें? पण जिना तळापर्यंत जाणारच असेल, तर तो सबंध उतरून जाणेंच श्रेयस्कर. म्हणजे खालीं बंद बोळ उरत नाहीं. याला जास्त खर्च कवडीचाहि नाहीं. अर्थात् लांब जिना म्हणजे सबंध लांबीभर इंपीडन्स सांभाळणें आलें, सोबतीचीं भोंकें आलीं; तो व्याप तिनें पत्करला. ज्या वाटांना तळचे थर पुरले नाहींत तेवढ्यांपुरतेंच मागून कोरणें मागितलें, आणि या खेपेस तें मिळालें. कोरतांनाहि सर्व तांबें निघत नाहीं. गिरमिटाच्या टोकाचा भरंवसा एक-दोन दशांश मिलिमीटरहून अधिक देतां येत नाहीं. जरा पुढें गेलें कीं हवी ती वाटच कापली जावयाची. म्हणून पाव मिलिमीटरच्या आंतबाहेर तुकडा शिल्लक ठेवतात. पाव मिलिमीटरच्या तुकड्याचा खड्डा मूळच्या बारापट वर, १५० गिगाहर्ट्‌झच्या सुमारास जातो. तेथें या संकेताचें कांहीं काम नसतें, म्हणून तो खुशाल राहूं द्यावा.

वहिनींच्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. एका मोठ्या बोर्डांत अशीं भोंकें हजारों असतात. त्यांतील बहुतेक खरोखरच नुसतीं भोंकें; त्यांतून मंद वीज जाते, त्यांकडे पाहावेंहि लागत नाहीं. पण त्यांतलीं शेंदोनशें अशीं असतात कीं, त्यांचा घेर, चकती, मोकळी जागा, सोबत आणि शेपूट हीं पांच अंगें एकेकटीं तपासावीं लागतात; आणि कोणतीं नुसतीं व कोणतीं तपासावयाचीं, हें ओळखणें हेंच खरें कसब होय. सबंध बोर्ड सारख्याच निगुतीनें करूं म्हटलें तर काम कधींच संपणार नाहीं आणि पैसाहि पुरणार नाहीं.

लाटा जसजशा लहान होतील तसतशी ही काळजी वाढतच जाणार. येथें आम्हांस जगदीशचंद्र बोस यांची आठवण होते. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास त्यांनीं ५ मिलिमीटरइतक्या आंखूड विद्युल्लाटा स्वतः घडविलेल्या उपकरणांनीं निर्माण केल्या. म्हणजे हेलकावे सेकंदास ६० अब्ज. त्या वेळीं मार्कोनी वगैरे मंडळी लांब लाटांच्या मागें होती, कारण त्या दूर जातात; बोस यांच्या आंखूड लाटा पुष्कळ वर्षें प्रयोगशाळेंतच राहिल्या. आज त्याच टापूंत व्यवहार चालूं लागला आहे. आपल्या सरकारनें २०२२ सालीं दूरध्वनीसाठीं जे पट्टे लिलांवांत काढले त्यांत २६ गिगाहर्ट्‌झचा पट्टा होता, आणि मोटारीपुढें अडथळा आहे कीं नाहीं हें पाहणारें रडार ७७ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालतें. त्यासाठीं लागणाऱ्या खास बोर्डांत लाटेची लांबी दोन मिलिमीटरच्या जवळपास येते. दीड मिलिमीटरचें आरपार भोंक तेथें लाटेच्या अर्ध्याहूनहि मोठें; त्यांतून संकेत न्यावा असें कोणी धजावत नाहीं.

अशा बोर्डांत वरचे थर लेसरच्या किरणानें विंधतात. तीं भोंकें एक दशांश मिलिमीटर रुंद व साधारण तेवढींच खोल असतात. तीं एका थरापासून लगतच्या थरापर्यंतच जातात, त्यामुळें त्यांना शेपूट राहतच नाहीं. मोबाइलच्या बोर्डांतहि हींच असतात, पण तेथें त्यांचें मुख्य कारण जागेची टंचाई हें होय. रडारच्या बोर्डावर मात्र जाणते लोक याहून सोपा मार्ग धरतात. चिपेपासून अँटेनापर्यंतची वाट ते वरच्या पृष्ठावरच, शक्य तितकी आंखूड आंखतात, आणि त्या वाटेवर एकहि व्हाया येऊं देत नाहींत. वाटेच्या दोन्हीं कडांना ग्राउंडच्या भोंकांची दाट रांग तेवढी असते, कुंपणासारखी, लाट बाजूस भटकूं नये म्हणून.